कोसाडच्या घराचा ताबा

२ मार्च १९९७, रविवार
आजपासून रोजनिशी. यार्नवाल्या शेठने जानेवारीत दिलेली ही डायरी दोन महिने पोरीने, पल्लवीने, रांगोळ्या काढायला वापरली. ती पानं फाडली. मालकाच्या डायरीत रांगोळ्या शोभत नाहीत.

होय, मालक. परवा शुक्रवारी दस्तावेज झाला. कोसाडला ओळीने तीन खोल्या, पुढे लांब ओटा, मागे मोरी, हँडपंप स्वतंत्र. राघो सुकदेव सोनवणे, सुरतेत लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, एकोणीस वर्षं. आधी कारागीर, मग मास्तर, आता घरमालक. सुषमाच्या पाटल्या गेल्या. पण पाटल्यांमध्ये काही राहता येत नाही, हे तिला समजावलं. ती काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

तिन्ही खोल्यांत भाडेकरू आहेत. लोक यालाच घाबरतात आणि चांगली प्रॉपर्टी सोडतात. मी भूपेंद्रभाईंना, म्हणजे आधीच्या मालकांना, स्पष्ट विचारलं. कागद नाही, करार नाही. "महिने-महिनानुं छे, राघोभाई. आजे कहेशो तो काले खाली." शिवाय मी स्वतः लिंबायतला अकरा वर्षं भाड्याने राहतोय. भाडेकरूच्या सगळ्या खोड्या मला पाठ आहेत. मीच केल्यात.

हे घर शोधलं सुषमाच्या भावाने, दगाने. एक रुपया दलाली घेतली नाही. "दाजी, तुम्ही त्या लिंबायतच्या खुराड्यातून एकदाचे निघा," म्हणताना त्याने माझे दोन्ही हात धरले होते. असा मेव्हणा मिळायला नशीब लागतं.

प्लॅन फायनल: पाडव्याला भाडेकरूंना एक महिन्याची मुदत. ९ मे, आखाजीच्या म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या दिवशी ताबा.

३ मार्च, सोमवार
लिंबायतच्या मालकाला सांगून टाकलं की ३१ मेला खोली सोडतो. मग सहज विषय निघाला म्हणून गळणारं छप्पर, पाण्याची वेळ, जिन्यातला बल्ब आणि त्याच्या बायकोचा स्वभाव यांवरही बोललो. अकरा वर्षांचं साठलं होतं. सगळी चाळ बाहेर येऊन ऐकत होती. त्याने एवढंच विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "लिहून घ्या." त्याने खरंच लिहून घेतलं.

सुषमाचं म्हणणं, आधी तिकडचा ताबा मिळू द्यायचा होता, मग बोलायचं होतं. बायकांना टायमिंग कळत नाही.

९ मार्च, रविवार
कोसाडला पहिली भेट. सफारी घातला. जाताना तीन नियम ठरवले होते. हसायचं नाही. कोणाकडे चहा घ्यायचा नाही. अहिराणीत बोलायचं नाही, कारण अहिराणी बोलताना माझी जीभ मऊ होते.

पहिल्या खोलीत कलाबाई. पन्नाशीची, नवरा नाही, लूमच्या कारागिरांना दोन वेळचं जेवण घालते. तिने माझं गाव विचारलं, मग मामाचं गाव विचारलं. मामाचं गाव नरडाणा म्हटल्यावर तिने कपाळावर हात मारला. ती शेजारच्या बेटावदची निघाली. "म्हंजे तू मना भाऊ व्हयना की!" आईबाप गेले, आता माहेर म्हणून उरलं नाही, असं सांगून पदराला डोळे पुसले. अशा वेळी चहा नको म्हणणं माणुसकीला धरून नाही. शेवभाजीही माणुसकीतच आली. अहिराणी थोडी झाली, पण इमर्जन्सी होती.

दुसऱ्या खोलीत निंबा आणि त्याच्या गावचे तिघं, पारोळ्याकडचे. दोघे दिवसपाळीला, दोघे रातपाळीला, त्यामुळे खोलीला कुलूप असं कधी लागतच नाही. निंबा मला शेठ म्हणाला. मुलगा समजूतदार वाटतो.

तिसऱ्यात दत्तू गवंडी, जालन्याकडचा, आणि त्याची बायको लीला. ओट्याचा फुटलेला कोपरा त्याने स्वखर्चाने बांधलाय. माझ्या घराला आपणहून सिमेंट लावणारा माणूस. वाईट वाटलं. पण मनाला म्हटलं, स्ट्रिक्ट.

८ एप्रिल, मंगळवार. गुढीपाडवा
मुदत दिली. लेखी नोटीस म्हणजे भांडणाला आमंत्रण. तोंडी शब्दाला वजन असतं. ओट्यावर उभं राहून स्वच्छ सांगितलं, आता आखाजीपर्यंतच. आखाजीला सगळं मोकळं झालं पाहिजे.

कोणीही वाद घातला नाही! निंबा म्हणाला, "बरं शेठ, आखाजीलेच बोलूत." तारीखसुद्धा मान्य. कलाबाईने विचारलं, "आखाजीले तू मनाकडे येशी ना, भाऊ?" मी म्हटलं, येणारच. ताबा घ्यायला कोणीतरी आलंच पाहिजे.

दत्तूने तर कमाल केली. गुढी उभारली होती. मला साखरेची गाठी दिली, नारळ दिला आणि आपणहून म्हणाला की मालक, आमचे पंचवीस वाढवा, आम्ही नाही म्हणत नाही. मी नारळ घेतला आणि वाढवतो म्हटलं. जाणारा माणूस शेवटच्या महिन्यात इतका चांगुलपणा दाखवतो. मराठवाड्याचे लोक मनाने मोठे.

२७ एप्रिल, रविवार
आखाजीला आमचे खान्देशी कारागीर गावाला जातातच. म्हणून मी सुचवलं होतं की जाताय तर सामान घेऊनच जा, दोनदा भाडं कशाला घालवायचं. आज कळलं, कोणी जात नाही. आखाजीला लेकी-बहिणी माहेरी जातात, आणि कलाबाईचं म्हणणं, "भाऊनं घर शे, म्हंजे मनं माहेरच व्हयनं." ती खापरावर पुरणपोळी करणार. ते ऐकून निंबा आणि मंडळींनीही गावाचं रद्द केलं.

हे सगळं मला सुषमाने सांगितलं. ती काल परस्पर कोसाडला जाऊन आली. आमरस आपल्याकडून, असं कबूलही करून आली. मी विचारलं, तू कोणाच्या बाजूची? म्हणाली, जेवायच्या.

घरातूनच फितुरी सुरू झाली. तरी हरकत नाही. निरोपाचं जेवण म्हणून खपून जाईल.

९ मे, शुक्रवार. आखाजी. संध्याकाळ, साडेसहा
आज वडील हवे होते.

क्रमाने लिहितो. सकाळीच सगळे कोसाडला गेलो. पल्लवी आणि लीला झोक्यावर. कलाबाईने मला पाटावर बसवून ओवाळलं. पुरणपोळी, आमरस, कुरडया. नको नको म्हणत मी सहा पोळ्या खाल्ल्या. मग ओट्यावर खाट टाकून मला बसवलं. निंबा आणि त्याचे तिघं समोर येऊन उभे राहिले, हात जोडून, नारळ घेऊन. कलाबाई दाराशी. निंबा म्हणाला, "शेठ, आते बोला."

माझे वडील बावीस वर्षं सालदार होते, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजी ते आखाजी. दर आखाजीला ते मालकाच्या ओट्यासमोर असेच उभे राहायचे, आणि मालक खाटेवर बसून सुपारी कातरत त्यांना ताटकळत ठेवायचा. मी ते पाहिलंय. मग दोन रुपये वाढवायचे की तीन, यावर तासभर घासाघीस. वडील घरी येऊन म्हणायचे, झाली बाबा वर्षाची सोय.

मी सुपारी मागितली. घरात नव्हती. दगा पळत जाऊन घेऊन आला. मी ती कातरली, सावकाश. सगळे उभे. निंबा म्हणाला, आमचं आणि कलाबाईचं भाडं चाळीस-चाळीसने वाढवतो. मी हसलो. शंभर म्हटलं. त्याने कानाला हात लावला. पन्नास. नव्वद. मी अहिराणीत सुरू झालो ते मलाच थांबेना. साठ झाले, पासष्ट झाले, मी उठून चपला घालायचं नाटकही केलं. शेवटी पंचाहत्तरला ठरलं. वर दिवाळीला तिन्ही खोल्यांना चुना त्यांनी मारायचा! दगा पंच म्हणून बसला होता, त्याने नारळ फोडला. आखाजी ते आखाजी, फायनल.

भूपेंद्रभाईंना नऊ वर्षांत जमलं नाही ते मी एका दुपारी केलं. पोरं पाया पडली.

१० मे, शनिवार. सकाळ
सुषमाने चहा देताना विचारलं की एकतीसला सामान कुठे न्यायचं.
कोसाडला, म्हटलं.
कुठल्या खोलीत, म्हणाली.

माझ्या लक्षात नव्हतं असं नाही. फक्त या दोन गोष्टी डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या.

चहा घेतला नाही.

१० मे. दुपार
मला फसवलं. ठरवून, जेवू घालून फसवलं. सहावी पोळी वाढताना कलाबाईचा चेहरा आठवतोय. निंबाचे जोडलेले हात म्हणजे सरळ सरळ सापळा होता.

सुषमाला विचारलं, तू तिथेच होतीस, मला थांबवलं का नाहीस? ती म्हणाली, लग्नाला सतरा वर्षं झाली, तुमचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. मध्येच कसं बोलणार.

उठून आरशात पाहून आलो.

११ मे, रविवार
कोसाडला जाऊन गैरसमज दूर करायचं ठरवलं. निंबाला म्हटलं, अरे, पाडव्याला मी मोकळं करा म्हटलं होतं. तो म्हणाला, हो शेठ, आखाजीला जुनं साल मोकळं होतं, नवं लागतं, म्हणून तर बोललो. आणि मग अगदी लहान पोराला विचारावं तसं विचारलं, "आखाजीनी बोली कोणी मोडस का, शेठ?"

मी म्हटलं, ठीक आहे, पण दत्तू जालन्याचा, त्याला आखाजीचं काही नाही. तो जाईल. दत्तू पाटी खाली ठेवून म्हणाला, "मालक, आमच्याकडं साल पाडव्यालाच धरत्यात. तुमी नारळ घेतला की."

म्हणजे मी नोटीस द्यायला गेलो त्याच दिवशी एक खोली वर्षभरासाठी दिली होती. तोंडात गाठी धरून.

दगा म्हणतो, दाजी, मी पंच होतो, मला मध्ये बोलता येत नाही. पंच कोणी केला होता तुला? तर म्हणे, तुम्हीच.

१४ मे, बुधवार
भूपेंद्रभाईंना गाठलं. तुम्ही महिन्या-महिन्याचे भाडेकरू म्हणाला होतात! ते म्हणाले, तसंच होतं, महिन्या-महिन्याने नऊ वर्षं. आज सांगितलं तर उद्या खाली, असं म्हणाला होतात! "हा, पण में कोई दी कह्युं ज नथी ने." त्यांनी कधी कोणाला जा म्हणून सांगितलंच नव्हतं. त्यांना भाडं मिळत होतं. मला म्हणाले, तमे कह्युं? त्यांनी ताक पाजलं.

सुरतेत विश्वास ठेवायला माणूस उरला नाही.

१८ मे, रविवार
वकिलाकडे गेलो. उत्तम माणूस. त्याच्या मते नारळ, सुपारी, पुरणपोळी यांना कोर्टात किंमत नाही. लेखी नोटीस द्यायची, पुढचं पुढे. गुजरातीत टाइप करून दिली, तीन प्रती. वाचताना अंगावर काटा आला, इतकी कडक.

चार वाजता
कोसाडला नोटीस दिली.

निंबाला गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही. दत्तूला तेही नाही. निंबाने कागद उलटसुलट केला आणि माझ्याच हातात दिला. "शेठ, काय लिखेल शे?"

सगळे जमले. कलाबाई हात पुसत आली. मी चष्मा लावला. पहिली ओळ मनात वाचली आणि मला वडील दिसले, अंगठा उठवून कागद मालकाला परत देणारे. मी म्हटलं, वर्षाची बोली झाली ना, ती कागदावर घालून आणली. पक्कं असलेलं बरं.

दत्तूच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, आजवर कुठल्या मालकानं लिहून दिलं न्हाई. कलाबाईने तिची प्रत देवाच्या फोटोमागे ठेवली. मला शेवभाजी खायला बसवलं. खाल्ली.

ही माघार नाही. योग्य वेळी त्यांना कोणीतरी वाचून दाखवेलच.

२० मे, मंगळवार
वाचून दाखवण्याचा धोका लक्षात आला. झोपेचं खोबरं.

२५ मे, रविवार
मन मोठं करायचं ठरवलं. लिंबायतच्या मालकाकडे गेलो. बोलायला सुरुवात त्याच्या नव्या टीव्हीच्या कौतुकाने केली. मग म्हटलं, अकरा वर्षांचा घरोबा आहे, वर्षभर अजून राहिलो तर आम्हाला आनंदच होईल. छप्पर काही तसं गळत नाही.

त्याने वही काढली. ज्यात माझं लिहून घेतलं होतं तीच. खोली दिलेली आहे. कधी? चार मार्चला. मी बोललो त्याच्या दुसऱ्याच दिवशी. कोणाला?

दगाला.

माझ्या दगाला. सुषमाच्या सख्ख्या भावाला. तो तीन वर्षं आमच्या चाळीत खोली शोधत होता, हे मला माहीत होतं. मीच त्याला सांगायचो की इथे कोणी हलत नाही. दलाली का घेतली नाही ते आता कळलं. ते कोसाडचं घर त्याने मला मिळवून दिलं नव्हतं, त्याने मला लिंबायतमधून काढलं होतं. आणि आखाजीला पळत जाऊन सुपारी आणली!

सुषमाला सांगितलं. ती भांडी घासत होती. मग म्हणाली, त्याला पोरं आहेत, जागा नव्हती. म्हटलं, आणि आपल्याला? तिने पुढचं पातेलं घेतलं. तिच्या हातात आता पाटल्या नाहीत, भांडी घासताना आवाज होत नाही, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

३१ मे, शनिवार
टेम्पो दोन वाजता आला. सामान चढवायला सगळ्यात पुढे दगा. कपाट त्याने एकट्याने पाठीवर घेतलं. मी त्याच्याशी बोललो नाही. फक्त आरसा सांभाळ एवढं म्हटलं. त्याचं सामान जिन्याखाली येऊन पडलं होतं.

सुषमाने कुठे जायचं ते टेम्पोवाल्याला सांगितलं. कोसाड. तिने परवाच जाऊन कलाबाईशी बोलणं केलं होतं. मला विचारलं नाही. पोचलो तर दत्तूने ओट्याच्या एका टोकाला बांबू ठोकून ताडपत्री लावलेली. निंबा आणि त्याच्या पाळीचा सोबती आले, सामान उतरवलं. रातपाळीचे दोघे झोपेतून उठून आले. पल्लवी आणि सुषमा कलाबाईच्या खोलीत झोपणार, मी ओट्यावर. निंबाने मला शेठ म्हटलं नाही. राघोभाऊ म्हणाला, सरका जरा, कपाट येऊ द्या.

८ जून, रविवार
आठवडा झाला. पोझिशन वाटते तितकी वाईट नाही. ओट्यावर वारा येतो. सकाळी हँडपंपावर आमचा नंबर चौथा, पण पंप माझाच आहे.

आज कलाबाईशी हिशेबाचं बोललो. तिच्या अर्ध्या खोलीत आम्ही राहतो, तिच्याकडे जेवतो, तर काय द्यायचं? तिने जीभ चावली. भावाकडून पैसे घेऊ? मी फार आग्रह केला नाही. मग जरा थांबून मी तिचं या महिन्याचं भाडं काढलं. तिने पुन्हा जीभ चावली. "आनि भाऊ बहीणकडथाईन लेस का?"

तेव्हा ते पंचाहत्तरही गेले आणि मूळ भाडंही. पण शांतपणे विचार केला तर मी आज माझ्या स्वतःच्या घरात एक पैसा भाडं न देता राहतोय. सुरतेत असे किती जण असतील? धीर धरायचा. वर्ष काय, जाईल. पुढच्या आखाजीला बोली करायचीच नाही. ताबा. हे मी सुषमाला ठणकावून सांगितलं आणि कलाबाईनेही ऐकावं म्हणून आवाज मोठा ठेवला.

तिने ऐकलं. भाकरी थापता थापता म्हणाली, बरं झालं भाऊ, तू आखाजीचं काढलं. पुढच्या आखाजीला बेटावदहून तिचा भाऊ येणार आहे, पोरंबाळं घेऊन. मी म्हटलं, कोणता भाऊ? तू तर म्हणालीस माहेर उरलं नाही. म्हणाली, दहा वर्षं बोलणं नव्हतं, आता या घराचं कळलं तर त्याने पत्र धाडलं. "मना सख्खा भाऊ शे तो." तेव्हा आखाजीच्या आधी ओटा मोकळा करून द्यायचा, एवढी एकच अट. बाकी तोवर आरामात राहा.

सुषमा ताट मांडत होती. निंबा, दत्तू, सगळे जेवायला बसले होते. कलाबाईने हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, नक्की ना?

मी शब्द दिला.